जपानी शब्द पाठ आहेत, पण वेळेला सापडत नाहीत? बिघाड शोधायचा क्रम

पुण्यात मी नवशिक्यांना जपानी शिकवते. जुलै आणि डिसेंबरमधल्या जेएलपीटी (जपानी भाषेच्या प्रावीण्याच्या) परीक्षा जवळ आल्या की एकच तक्रार फिरून फिरून माझ्याकडे येते: "शब्द पाठ आहेत, पण..." या 'पण'च्या पुढे जे येतं, ते साधारण असं असतं:

- वहीत पाहिला की शब्द ओळखतो, कानावर पडला की नाही.
- शब्द मुळात इंग्रजी, म्हणजे आपल्याला सोपा. तरी आपण 'कॉफी' म्हटलं तर समोरचा जपानी माणूस मान तिरकी करून बघत राहतो.
- हिरागाना (मुख्यतः देशी शब्दांची लिपी) भराभर वाचता येतो, काताकाना (परदेशी शब्द लिहायची लिपी) आला की अडखळायला होतं.
- नाम आठवतं, त्याचं वाक्य होत नाही.
- वाक्य बरोबर होतं, पण समोरचा भलतंच समजतो.

यातलं एखादं लक्षण दिसलं की बहुतेक जण नवं ॲप घेतात किंवा आणखी पाचशे शब्दांची यादी पाठ करायला बसतात. तसं करू नका. दोष शब्दसंख्येत क्वचितच असतो. बहुतेक वेळा इंग्रजीतून आलेले शब्द डोक्यात इंग्रजी म्हणूनच साठवलेले असतात आणि म्हणून जपानी बोलताना, ऐकताना हाती लागत नाहीत. खालच्या तपासण्या फुकट आणि सोप्यापासून सुरू होतात. क्रम मोडू नका, कारण पहिल्या दोन तपासण्यांतच निम्मे जण मोकळे होतात.

लिहिण्याबद्दल एक सूचना: लांबवायचा स्वर दाखवायला मी इथे ऽ वापरते आहे. 'कोऽहिऽ' म्हणजे को लांब आणि हि पण लांब.

आधी वही उघडा

जपानी शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहिलेला आहे का? असेल तर पहिला संशयित तोच.

मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा लेखनाचा नियम झाला. बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे कान तिकडे लक्षच देत नाही. आ, ए, ओ यांची तर आखूड आणि लांब अशी वेगळी चिन्हंही देवनागरीत नाहीत. जपानीत मात्र सगळा खेळ लांबीचा. 'बिरु' म्हणजे इमारत, 'बिऽरु' म्हणजे बिअर. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'किते' म्हणजे येऊन, 'कित्ते' म्हणजे पोस्टाचं तिकीट. वहीत 'ओबासान' दोनदा सारखंच लिहिलं असेल, तर डोक्यातही ते एकच बसतं.

उपाय फुकट आहे: देवनागरी उच्चार खोडा आणि फक्त काना, म्हणजे हिरागाना-काताकानातली अक्षरं, ठेवा. (हा लेख देवनागरीत असल्यामुळे इथले उच्चारही वहीत उतरवून घेऊ नका.) मग प्रत्येक शब्द टेबलावर बोटाने ठोके देत म्हणा. बि-रु दोन ठोके. बि-ऽ-रु तीन. कि-त्-ते तीन. को-ऽ-हि-ऽ चार. शाळेत वृत्तांच्या मात्रा मोजल्या असतील, तर हे ठोके ओळखीचे वाटतील. हायकूतले पाच-सात-पाच मोजतात ते हेच. फरक एवढाच, की आपल्या छंदशास्त्रात आ, ए, ओ नेहमी गुरू असतात आणि जपानीत ते आखूडही असतात.

आठवडाभर ठोके दिल्यावर ऐकण्यात फरक पडला, तर पुढचं वाचायची घाई नाही.

काताकाना खरंच वाचता येतो का?

'येतो की' असं सगळेच म्हणतात. एखाद्या जपानी कॅफेच्या मेन्यूचा फोटो घ्या आणि मोठ्याने वाचा. मग कळेल.

कारण साधं आहे. वर्गात हिरागाना आधी येतो, त्याचा सराव महिनाभर चालतो आणि काताकानाला उरलेला आठवडा मिळतो. शिवाय नवशिक्यांच्या पुस्तकांत कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांच्या, डोक्यावर उच्चार छापलेला असतो; काताकानावर काहीच नसतं, कारण तो वाचता येतोच असं धरलेलं असतं. परीक्षेतही तसंच.

घोळ बहुतेकदा दोन जोड्यांत असतो: 'शि' आणि 'त्सु', 'न' आणि 'सो'. शि आणि न यांच्यातल्या छोट्या रेघा डावीकडे असतात आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु आणि सो यांच्यातल्या छोट्या रेघा वरच्या बाजूला असतात आणि लांब रेघ वरून खाली उतरते. हाताने लिहिल्याशिवाय हे बसत नाही. नुसतं पडद्यावर बघून कुणाचंच बसलेलं मी पाहिलेलं नाही.

यादीऐवजी खऱ्या वस्तू वाचा: जपानी बिस्किटांच्या पाकिटांचे फोटो, जपानमधल्या स्टेशनांच्या पाट्या, स्वतःचं नाव.

कार्डं एकाच दिशेने फिरतात का?

ही तपासणी दोन मिनिटांची. शब्द पाठ करायला पुढे जपानी, मागे मराठी, एवढीच कार्डं असतील तर ओळखण्याचा सराव होतो, बोलण्याचा होत नाही. कार्डं उलटी करा: चित्र किंवा मराठी पुढे, जपानी मागे. आणि आवाज जोडा. आन्कि हे अशा कार्डांचं ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. जपान फाउंडेशनच्या संकेतस्थळावरचे ऑडिओ फुकट आहेत. आवाज नसलेलं जपानी कार्ड मी अर्धवटच समजते.

उच्चार इंग्रजीचा आहे की जपानीचा?

उरलेल्यांपैकी बहुतेकांचा दोष इथे सापडतो, म्हणून इथे थोडं थांबते.

इंग्रजी शब्द जपानीत येताना बऱ्याच ठरावीक वळणांनी बदलतो. पहिलं वळण आपल्यासाठी सर्वांत अवघड आहे, कारण तिथे आडवी येते ती आपल्या तोंडची इंग्रजी. आपण 'टॅक्सी', 'टीव्ही', 'हॉटेल' यांतला ट मूर्धन्य म्हणतो, जीभ वर वळवून. जपानीत तो ट नाहीच. तिथे आपला दातांवरचा त आणि द आहे: ताकुशिऽ, तेरेबि, होतेरु, तोइरे. ट, ड मनातून काढून त, द बसवले की समोरच्याची मान सरळ होते.

दुसरं वळण: शेवटी मोकळं व्यंजन राहत नाही. त्याला बहुधा उ लागतो, त आणि द यांना ओ लागतो: होतेरु, बेद्दो, नोऽतो. अपवाद फक्त न. जोडाक्षरंही सुटी होतात: आइसुकुरिऽमु, सात ठोके. आपल्याकडेही गावात स्टेशनचं ठेसन झालंच होतं. पण इथे बोलताना एक फसवणूक आहे. क, स, श, त यांच्यामधला इ किंवा उ जपानी माणूस जवळपास गिळतो, म्हणून 'ताकुशिऽ' कानाला 'ताक्शिऽ' वाटतो. उ ऐकू आला नाही, तरी त्याचा ठोका उरतो. ऐकताना उ शोधत बसू नका, ठोका शोधा.

बाकीची वळणं पटापट सांगते. र आणि ल एकच, त्यामुळे दिवा आणि उजवी बाजू दोन्ही 'राइतो'. व बहुधा ब होतो, म्हणून 'तेरेबि'. इंग्रजी शब्दाच्या शेवटचा 'अर' लांब आऽ होतो: एरेबेऽताऽ, कोम्प्युऽताऽ. जुन्या शब्दांत टि चा चि झाला: चिऽमु, चिकेत्तो. नंतरच्या शब्दांत ति टिकला: पाऽतिऽ. 1991 साली जपानी मंत्रिमंडळाने परदेशी शब्दांच्या लेखनाबद्दल अधिसूचना काढली, तिच्यात हे नवे उच्चार लिहायच्या खुणाही दिल्या आहेत. त्यामुळे दोन पद्धती शेजारी शेजारी दिसल्या तर दचकू नका. चाकणच्या कारखान्यांतून येणाऱ्या इंजिनिअरांसाठी एक जास्तीची गोष्ट: तांत्रिक कागदपत्रांत शेवटचा ऽ पुष्कळदा लिहीत नाहीत, 'कोम्प्युऽता' असंच छापतात. ती छपाईची चूक नव्हे.

एक ठिकाण मात्र आपल्याला फुकटात मिळालेलं आहे. 'त्सु' हा उच्चार करताना हिंदी भाषक विद्यार्थ्यांची दमछाक होते. आपण 'चूल', 'चूक' म्हणतो तेव्हा तोच च तोंडात असतो. शर्टसाठी 'शात्सु' म्हणताना चुलीतला चू आखूड करा. झालं.

तपासायची युक्ती अशी: फोनवर जपानी कीबोर्ड घ्या, बोलून लिहिण्याची सोय चालू करा आणि एकेक सुटा शब्द बोला. पूर्ण वाक्य बोलू नका, कारण वाक्यात फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तुमची चूक झाकतो. 'बिऽरु' म्हटल्यावर इमारत उमटली, तर दोष कुठे आहे ते समजलं.

शब्द तोच, पण अर्थ कुठला?

उच्चार जमला आणि तरी गैरसमज होतोय, तर अर्थ तपासा. इंग्रजी येतं म्हणून अर्थ न बघताच पुढे जाणारे इथे अडकतात.

'मान्शोन' म्हणजे आलिशान बंगला नव्हे, काँक्रीटच्या इमारतीतला साधा फ्लॅट. 'कोन्सेन्तो'चा संमतीशी संबंध नाही, ते भिंतीतलं प्लग लावायचं सॉकेट. 'हान्दोरु' म्हणजे गाडीचं स्टिअरिंग. 'कान्निन्गु' म्हणजे परीक्षेतली कॉपी, आणि 'कोपिऽ' म्हणजे झेरॉक्स. 'सुमाऽतो' माणूस हुशार असेलच असं नाही, तो सडपातळ आहे. 'तेन्शोन' वाढला म्हणजे माणूस काळजीत नाही, जोशात आहे. हॉटेलात 'साऽबिसु' म्हणून काही पुढे ठेवलं, तर ते फुकट आहे. 'बाइकिन्गु' म्हणजे बुफे. तोक्योच्या इम्पिरियल हॉटेलने 1958 मध्ये त्या नावाचं रेस्टॉरंट काढलं, तिथून तो शब्द पसरला. जपानी कंपनीशी काम करत असाल तर 'कुरेऽमु' आधी शिका. ते दावा किंवा श्रेय नव्हे, ग्राहकाची तक्रार. मीटिंगमध्ये तो शब्द ऐकून हसतमुख बसू नये.

काही शब्द मधेच कापलेले असतात. पासोकोन, रिमोकोन, कोन्बिनि, सुमाहो: पर्सनल कॉम्प्युटर, रिमोट कंट्रोल, कन्व्हीनियन्स स्टोअर, स्मार्टफोन. 'रिसुतोरा' म्हणजे रिस्ट्रक्चरिंग, प्रत्यक्षात नोकरकपात. रेल्वे स्टेशनवरचं 'होऽमु' घर नव्हे. प्लॅटफॉर्म या शब्दाची पुढची बाजू आपण ठेवली आणि फलाट केला. जपान्यांनी मागची ठेवली. असे शब्द पाठ करताना मूळ पूर्ण शब्द एकदा शेजारी लिहा, मग खोडा.

आणि काही शब्द इंग्रजी नाहीतच. पावाला 'पान' म्हणतात तो पोर्तुगीज, आपल्या 'पाव'चाच सख्खा भाऊ. 'आरुबाइतो', म्हणजे विद्यार्थी करतात ती अर्धवेळ नोकरी, जर्मन. मेइजी काळात (1868 ते 1912) जपानने जर्मन वैद्यक स्वीकारलं, म्हणून दवाखान्यातले कितीतरी शब्द जर्मन वळणाचे आहेत: ॲलर्जी 'आरेरुगिऽ', लस 'वाकुचिन', रुग्णाची नोंद 'कारुते', प्लास्टर 'गिपुसु'. इथे इंग्रजी शब्दाला नुसता उ-ओ लावून भागत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर 'आरेरुगिऽ' हा शब्द जपानला निघण्याआधी पक्का करा. या लेखातला दुसरा कुठलाही शब्द राहिला तरी चालेल.

इंग्रजी शब्द मुळात हवा होता का?

वरच्या नियमांची चटक लागली की माणूस दिसेल त्या इंग्रजी शब्दाला उ-ओ लावत सुटतो. हा दोष मात्र हुशार विद्यार्थ्यांतच जास्त आढळतो.

जपानीत बऱ्याचदा देशी शब्द आणि आलेला शब्द शेजारी नांदतात आणि कामं वाटून घेतात. वाडग्यातला भात 'गोहान', पाश्चात्त्य जेवणाबरोबर ताटलीत आला की 'राइसु', दुकानात कच्चा घेतला की 'कोमे', शेतात 'इने'. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. भात, तांदूळ आणि साळ आपण कधी एकमेकांच्या जागी वापरतो का? तसंच पिण्याचं दूध 'ग्युऽन्युऽ', कॉफीत घालायचं बहुधा 'मिरुकु'. रेल्वेचं तिकीट 'किप्पु', कार्यक्रमाचं 'चिकेत्तो'. उलटं उदाहरणही आहे. 'मिज़ु' म्हणजे गारच पाणी. गरम पाण्याला वेगळा शब्द आहे, 'ओयु', आणि 'गरम मिज़ु' असं कुणी म्हणत नाही.

रोजच्या वापरातले वीस-पंचवीस शब्द निवडा आणि प्रत्येकासाठी विचारा: देशी शब्द आहे का, असला तर कुठे चालतो? चांगला शब्दकोश उदाहरणवाक्यं देतो, ती वाचा. अर्थाची ओळ नव्हे, वाक्यं.

नामाबरोबर क्रियापद पाठ केलंय का?

'नाम आठवतं, वाक्य होत नाही' या लक्षणाचं उत्तर जवळपास नेहमी इथे सापडतं. आपण शर्ट घालतो, साडी नेसतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो. जपानीतही अशीच वाटणी आहे, फक्त रेघा वेगळ्या ठिकाणी आहेत: कमरेच्या वरचं 'किरु', खालचं 'हाकु' आणि बूटही त्यातच, टोपी 'काबुरु', चष्मा 'काकेरु'. इंग्रजीतून शावर आला तरी क्रियापद इंग्रजीतून आलं नाही: 'शावाऽ ओ आबिरु', अंगावर ओतून घेणे. गोळी असली तरी औषध प्यायचं, 'कुसुरि ओ नोमु'. छत्री उघडून धरायची तर 'कासा ओ सासु'.

म्हणून कार्डावर एकटं नाम नको. नाम आणि क्रियापद मिळून एक कार्ड. जुनी सगळी कार्डं दुरुस्त करायला बसू नका. कंटाळा येईल आणि अभ्यासच बंद पडेल. आजपासून नवी कार्डं तशी करा, जुनी चुकली तेव्हा बदला.

इथे थांबा आणि माणूस गाठा

एवढं करूनही दोष उरला असेल, तर तो एकट्याने सुटण्यासारखा नाही. मी कुठे थांबायला सांगते ते असं.

ठोक्यांचा सराव तीन-चार आठवडे नीट केला आणि तरी दुसऱ्याने डोळे मिटायला लावून 'बिरु' आणि 'बिऽरु' म्हटल्यावर तुम्हाला फरक ओळखता येत नाही? मग शिक्षकाकडे जा, आणि मोठ्या वर्गात नको. तुमचा आवाज एकट्याचा ऐकून तिथल्या तिथे दुरुस्त करणारं कुणीतरी हवं. चुकीचं ऐकत केलेला सराव चूकच घट्ट करतो. फोनवर मराठी बोलणंही नीट ऐकू येत नसेल, टीव्हीचा आवाज घरच्यांपेक्षा मोठा लागत असेल, तर जपानी बाजूला ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्या.

स्वरांचा चढउतार घरी दुरुस्त करू नका. तोक्योच्या बोलीत 'हाशि' पहिल्या ठोक्यावर उंच असेल तर जेवायच्या काड्या, दुसऱ्यावर उंच असेल तर पूल. एन फाइव्ह, एन फोर या जेएलपीटीच्या सुरुवातीच्या पातळ्यांना यामुळे काही अडत नाही, संदर्भाने कळतं. पुढे दुभाषाचं काम करायचं असेल तर शिक्षकाबरोबर बसा.

'परीक्षेत येणाऱ्या सगळ्या शब्दांची अधिकृत यादी' म्हणून कुणी काही विकत असेल, तर पैसे वाचवा. 2010 मध्ये जेएलपीटीची रचना बदलली तेव्हापासून अशी यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारातल्या याद्या जाणकारांचे अंदाज असतात. त्यातले काही चांगले आहेत, पण अंदाजच.

जपानमध्ये राहत असाल, तर घराच्या भाडेकरारावर स्वतःच्या शब्दसंग्रहाच्या भरवशावर सही करू नका. 'रिफोऽमु' म्हणजे सुधारणा नव्हे, घराची डागडुजी आणि नूतनीकरण. तो खर्च कुणाचा, हे ठरवणारी ओळ जाणकाराकडून वाचून घ्या. दवाखान्यातही तसंच: औषधांची आणि ॲलर्जीची माहिती जपानीत लिहून घेऊन जा, दुभाषा मिळतो का ते आधी विचारा. आणि तातडीची वेळ आली तर शब्द आठवत बसू नका, 119 लावा. पलीकडून 'काजि देसु का, क्युऽक्युऽ देसु का' असं विचारतात, म्हणजे आग की रुग्णवाहिका. 'क्युऽक्युऽ देसु' म्हणा, पत्ता सांगा, आणि जपानी जमत नसेल तर इंग्रजीत बोला. अनेक शहरांत दुभाषाला फोनवर जोडून घ्यायची सोय आहे.